४८० कार्पेटमध्ये दोन बेडरूम की ४७० मध्ये एकच मोठी? जुळे सोलापूरला फ्लॅट बघतोय, सल्ला द्या

होटगीरोडकर:
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदा धागा काढतोय. सध्या भवानी पेठेत दोन खोल्यांत भाड्याने राहतो. घरात मी, बायको, सातवीतली मुलगी, दुसरीतला मुलगा आणि आई. आईचं वय ७१, गुडघे दुखतात, रात्री दोन-तीनदा उठावं लागतं.

जुळे सोलापुरात एकाच बिल्डिंगमध्ये दोन फ्लॅट बघितलेत, बांधकाम चालू आहे, आतल्या भिंती अजून व्हायच्यात, किमतीत फार फरक नाही.

पहिला तिसऱ्या मजल्यावर, वर थेट गच्ची. टू बीएचके, कार्पेट (म्हणजे घरातली आतली जागा) ४८० चौरस फूट. हॉल १० बाय १४, किचन ७ बाय ८, एक बेडरूम १० बाय १०, दुसरी ९ बाय ९, दोन टॉयलेट, त्यातलं एक मोठ्या बेडरूमला अटॅच. मोठी बेडरूम पश्चिमेला.

दुसरा पहिल्या मजल्यावर, वन बीएचके, कार्पेट ४७०. हॉल ११ बाय १८, किचन ९ बाय १०, बेडरूम ११ बाय ११, संडास-बाथरूम वेगवेगळे, दोन्ही हॉलच्या बाजूला.

बायकोला आणि मुलीला दोन बेडरूम पाहिजेत. मला मोठा हॉल बरा वाटतोय. आई म्हणते तुम्ही ठरवा. आठ दिवस झोप नाही. आयुष्यात एकदाच घेणार आहे, चूक करायची नाहीये.

दमाणीनगर_७:
टू बीएचके घ्या डोळे झाकून. विकताना वन बीएचकेला गिऱ्हाईक मिळत नाही.

कडकभाकरी:
विकायचा विचार आत्ताच कशाला ओ, माणूस राहायला घेतोय की! पाच माणसांत सातवीतली मुलगी आहे हे बघा आधी. तिला कपडे बदलायला, अभ्यासाला दार लावता येईल अशी खोली पाहिजेच. आम्ही तिघी बहिणी एका खोलीत वाढलो, न्हाणीत जाऊन रडायचो कारण दुसरीकडं दारच नव्हतं. टू बीएचके.

तिरकी_पट्टी:
बावीस वर्षं नकाशे काढतोय, सोलापुरातच, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

बेडरूम किती हे विचारण्याआधी त्या बेडरूममध्ये काय मावतं ते बघा. ९ बाय ९ म्हणजे ८१ चौरस फूट. राष्ट्रीय इमारत संहितेत घरात एक खोली किमान ९.५ चौरस मीटरची, म्हणजे साधारण १०२ चौरस फूट असली तर दुसरी ७.५ चौरस मीटरपर्यंत चालते. ७.५ चौरस मीटर म्हणजे जवळजवळ ८१ चौरस फूटच. तुमची खोली नियमात बसते पण अगदी कडेला बसते, हे लक्षात घ्या.

आता त्यात डबल बेड ठेवा, ६ बाय सव्वासहा. भिंतीला चिकटवला तरी समोर तीन फूट उरले. तिथं कपाट ठेवलं, कपाट दोन फूट खोल. राहिला एक फूट. एका फुटातून माणूस आडवा होऊन जातो आणि कपाटाचं दार तर उघडतच नाही. म्हणून ९ बाय ९ मध्ये डबल बेड नको, एक सिंगल कॉट आणि अभ्यासाचं टेबल एवढंच.

दुसरं, कार्पेटचा आकडा. रेराच्या, म्हणजे घरखरेदीच्या कायद्याच्या, व्याख्येत बाहेरच्या भिंती, शाफ्ट (पाइपांसाठी सोडलेली पोकळी), बाल्कनी, उघडी गच्ची धरत नाहीत, पण घरातल्या आतल्या भिंती कार्पेटमध्ये धरतात. खोल्या जास्त तितक्या भिंती जास्त. आतल्या भिंतीची लांबी ३० फूट वाढली आणि भिंत प्लास्टरसकट पाच इंच धरली तर साडेबारा चौरस फूट जागा विटेखाली गेली. वर खोल्यांना जोडायला पॅसेज लागतो, त्यात कोणी बसत नाही की झोपत नाही. तुमच्या ४८० मधले चाळीसेक फूट असे नुसते येण्याजाण्यात आणि भिंतीत गेलेत. तेव्हा ४७० वाला लहान आहे असं समजू नका.

आणि तिसरं, माझं सगळ्यात लाडकं: भिंत मोजा. प्रत्येक खोलीत दार, खिडकी, अटॅचचं दार सोडून सलग भिंत किती फूट राहते ते लिहून काढा. सामान जमिनीवर मावत नसतं, भिंतीला मावतं.

होटगीरोडकर:
सर, हे कोणीच सांगितलं नव्हतं. आज नकाशावर भिंती मोजतो.

बाळीवेस:
मी वेगळंच सांगणार आहे. आमचं बाळीवेशीतलं जुनं घर माळवदाचं. दोन दोन फुटी दगडी भिंती, वर तुळया, त्यावर किलचा (लाकडी पट्ट्या), त्यावर पाला-चिखल आणि सगळ्यात वर पांढरी माती. मे महिन्यात बाहेर ४३ असताना आत शिरलं की डोळ्यांना अंधारी यायची आणि अंगाला गार वाटायचं. छताला सवणं, त्यातून दुपारी उजेडाचा एक गोल जमिनीवर पडायचा आणि तो सरकत सरकत शहाबादीच्या कोणत्या फरशीवर आला की आजी चहा ठेवायची. घड्याळ लागतच नव्हतं. घर केवढं? मधली खोली, स्वयंपाकघर, सोपा. आत्ताच्या हिशेबात वन बीएचकेच. माणसं अकरा.

आत्ताच्या फ्लॅटला सहा इंची भिंत आणि वर पाच इंची स्लॅब. तिसरा मजला, वर गच्ची, पश्चिमेची बेडरूम असं लिहिलंय तुम्ही. तिथं एप्रिल-मे मध्ये रात्री बारापर्यंत झोप लागणार नाही. मी सहा वर्षं काढलीत अशा घरात.

रेवती_एस:
बाळीवेस, माळवदाची आठवण गोड आहे पण अर्धीच सांगितलीत. दरवर्षी पावसाआधी पांढरी माती कोण टाकायचं? आमच्या घरी आई आणि काकू. पाट्या डोक्यावर घेऊन शिडीने वर. तरी एखाद्या वर्षी भाद्रपदात गळायचंच, रात्री उठून घरातली सगळी पातेली मांडायची, आणि विंचू निघायचे ते वेगळेच. मला ते घर परत नकोय. पण उष्णतेचं म्हणता ते शंभर टक्के खरं.

बाळीवेस:
रेवतीताई, मान्य. माती टाकायला आमच्याकडंही बायकाच होत्या. मी खाली उभा राहून पाटी द्यायचो.

जुनीमिल:
टॉप फ्लोअरवाल्यांनी गच्चीला चुना मारावा. चुना रात्रभर भिजवायचा, गाळायचा, फेविकॉल घालायचा, तीन हात. मार्चमध्ये मारला तर पावसापर्यंत टिकतो. आमच्याकडं पंख्याची हवा आधी हेअर ड्रायरसारखी लागायची, आता सुसह्य आहे. गार होत नाही, सुसह्य होतं.

तिरकी_पट्टी:
जुनीमिल बरोबर. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री खोलीत सोडतो. चुन्याने ऊन परतवलं की पिण्याचं प्रमाणच कमी होतं. कायमचं पाहिजे असेल तर पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांचं मोझॅक करतात. पण आधी बघा गच्ची सोसायटीची आहे की कोणा एकाची, नाहीतर चुना मारण्यावरून भांडणं.

पश्चिमेच्या बेडरूमला खिडकीवर किमान दोन फुटी छज्जा आहे का तेही बघा. दुपारी तीननंतरचं ऊन तिरपं येतं, जसजसं खाली उतरतं तसं छज्ज्याखालूनही शिरतं, आणि पडद्याने थांबत नाही. ते काचेच्या बाहेरच अडवायला पाहिजे.

पुण्यातला_सोलापूरकर:
एक एसी लावला की विषय संपला.

जुनीमिल:
बिल तुम्ही भरा मालक, आम्ही लावतो.

पुण्यातला_सोलापूरकर:
बरं बाबा, घेतलं परत. कूलर तरी लावालच ना.

नान्नजवाला:
कूलरचं लिहितो, कारण यात लोक हमखास चुकतात. आपली हवा कोरडी म्हणून कूलर चालतो, मुंबईला चालत नाही. पण कूलर खिडकीच्या बाहेर पाहिजे आणि समोरच्या बाजूला हवा बाहेर जायला दुसरी खिडकी उघडी पाहिजे. एकच खिडकी असलेल्या खोलीत कूलर लावला तर तासाभरात चिकचिक, अंथरूण दमट. मग लोक म्हणतात कूलर खराब. कूलर चांगला आहे, खोली चुकलीय. म्हणून प्लॅन बघताना प्रत्येक खोलीत विचारायचं की वारा इकडून आला तर तिकडून जाणार कुठून.

आणि कूलर पाणी पितो. पाणी आपल्याकडं किती दिवसांनी येतं ते सांगायला नको.

दमाणीनगर_७:
आला, पाण्याचा विषय आला. मी वाटच बघत होतो.

विडीघरकुल:
पाण्याचंच घर असतं आपलं खरं तर. भिंती त्याच्याभोवती बांधतात. आमच्याकडं पाणी येणार त्या दिवशी कोणी कुठं जात नाही, लग्नाला सुद्धा एक माणूस घरी ठेवून जातात. नळाच्या तोंडापासून मोरीपर्यंत पाईप सरळ गेला पाहिजे, मधे कॉट आली की रोज कॉट उचला. दोन बॅरल, एक सिमेंटची टाकी, सात-आठ घागरी, आणि पिण्याचं पाणी वेगळं झाकून. एवढ्याला जागा धरली नाही तर ते सगळं शेवटी हॉलमध्ये येतं.

होटगीरोडकर:
बिल्डर म्हणतो खाली मोठी टाकी आहे, वर टाकी आहे, तुम्हाला साठवायची गरज नाही.

तिरकी_पट्टी:
मोठी म्हणजे किती लिटर, हे लिहून घ्या. हिशेब साधा आहे. शहरी पाणीपुरवठ्याला माणशी रोज १३५ लिटर धरतात. तुमची पाच माणसं, पाच दिवसांनी पाणी आलं तर ३,३७५ लिटर. बिल्डिंगमध्ये फ्लॅट किती?

होटगीरोडकर:
बारा.

तिरकी_पट्टी:
म्हणजे सगळ्यांकडं पाच माणसं धरली तर ४०,५०० लिटर. खालची आणि वरची टाकी मिळून एवढी भरत असेल तर बिल्डरचं म्हणणं बरोबर. नसेल तर चौथ्या दिवशी टँकर, आणि प्रत्येकजण घरात बॅरल ठेवणार.

बॅरलवरून एक काळजीची गोष्ट सांगतो, कृपा करून सगळ्यांनी वाचा. २०० लिटरच्या बॅरलचं पाणीच २०० किलो, आणि ते उभं राहतं जेमतेम दोन फुटांच्या गोलावर. म्हणजे तेवढ्या जागी चौरस मीटरला सातशे किलोच्या वर भार. घरातल्या खोल्यांचा स्लॅब चौरस मीटरला २०० किलो चालता-बोलता (माणसं-सामानाचा) भार धरून डिझाइन करतात, बाल्कनी ३०० धरून. एक बॅरल कोपऱ्यात, बीमजवळ ठेवला तर भार वाटला जातो. पण पुढं आलेल्या बाल्कनीत कठड्याला लागून चार बॅरल ओळीने भरून ठेवायचे, हे मी सोलापुरात जागोजागी बघतो आणि प्रत्येक वेळी जीव खाली-वर होतो. बॅरल आतल्या भिंतीलगत घ्या. हजार लिटरची टाकी म्हणजे एक टन, ती तर इंजिनिअरला विचारल्याशिवाय घरात नकोच.

रेवती_एस:
बापरे. आमचे तीन बॅरल बाल्कनीतच आहेत. आजच रिकामे करून आत घेते.

कडकभाकरी:
किचनबद्दल कोणी बोलेना. ७ बाय ८ मध्ये एका वेळी एकच बाई उभी राहणार. सासू-सून दोघी आत गेल्या तर एकीला बाहेर यावं लागतं, हे मी अनुभवाने सांगते. आणि ज्वारी कुठं ठेवणार? आमच्याकडं अजून वर्षाची घेतात. दोन पोती ज्वारी, एक गहू, डाळी, शेंगा. शेंगाचटणी महिन्याला दोन किलो लागते.

पुण्यातला_सोलापूरकर:
आता ओपन किचन करतात सगळे. भिंत काढा, जागा मोठी दिसते.

कडकभाकरी:
शेंगा भाजून बघा ओपन किचनमध्ये. नाहीतर हिरव्या मिरचीचा ठेचा. हॉलमध्ये बसलेला पाहुणा खोकत खोकत उठून जाईल.

पुण्यातला_सोलापूरकर:
मी दोन वर्षं राहतोय ओपन किचनमध्ये. बायको एकटी आत कोंडली जात नाही, मीही कांदा चिरता चिरता मुलाचा अभ्यास घेतो. खोकला येतो हे खरं, पण मला ते बरं वाटतं.

रेवती_एस:
दोघांचं खरं आहे. मधला मार्ग, किचनच्या भिंतीत तीन फुटांची खिडकी हॉलकडं. फोडणीच्या वेळी लावायची, एरवी उघडी. आम्ही केलीय. ताटं त्यातूनच जातात.

जुनीमिल:
किचन आग्नेयेला आहे का बघितलं का कोणी?

नान्नजवाला:
झालं सुरू.

जुनीमिल:
अहो, माझं ऐका तरी. वास्तूचं मानणारी माणसं आहेत घरात, आईंना विचारा, त्यांना खुपत राहिलं तर रोज खुपणार. माझी आई शेवटपर्यंत संडासाच्या जागेवरून हळहळायची. मी मानत नाही, पण तिचं मन राखायला दार फिरवलं असतं तर काय बिघडलं असतं, असं आता वाटतं.

नान्नजवाला:
हे मात्र बरोबर बोललात काका. माफ करा.

पूर्वभागाची_अक्का:
सगळं वाचलं. मी अशोक चौकाच्या मागं वाढले, त्यावरून चार शब्द लिहिते.

आमचं घर दोन खोल्यांचं, १० बाय १२ च्या. शेजारी यंत्रमाग, दिवसभर खटाखट, तो थांबला की आम्हाला जाग यायची. आई विड्या वळायची. घरात तिची एकच जागा ठरलेली, उंबऱ्याला लागून डाव्या हाताला. का, तर तिथं उजेड येतो. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी ओल्या फडक्यात भिजवलेली पानं. पान कात्रीने कापायचं, चिमूटभर तंबाखू, वळायचं, तोंड दुमडायचं, दोरा गुंडाळायचा. बोटं चालू, तोंड चालू, डोळे रस्त्यावर. कोण आलं, कोण गेलं, कोणाच्या सुनेला डोहाळे लागलेत, सगळं तिथं बसून कळायचं. हजार विड्या दिवसाला. ती उंबऱ्याजवळ बसायची म्हणून तंबाखूचा खकाणा बाहेर जायचा, आम्हा पोरांच्या छातीत गेला नाही. घर लहान होतं, पण प्रत्येक कामाची जागा उजेड आणि वारा बघून ठरलेली होती.

आता माझ्या भावाने चांगला फ्लॅट घेतलाय. टाइल्स चकचकीत, सगळं छान. आई सहा महिने राहिली आणि परत माझ्याकडं आली. कारण विचारलं तर म्हणाली, 'बसू कुठं?' सोफ्यावर बसायची सवय नाही. जमिनीवर बसावं तर दार उघडलं की समोर जिना आणि शेजाऱ्यांचं बंद दार. उजेड नाही, माणूस नाही. विड्या तिने कधीच सोडल्यात, आता नुसतं निवडण-टिपण करते, पण बसायला तसली जागा लागतेच.

म्हणून दादा, तुम्हाला विचारते. बेडरूम दोन का एक ते नंतर. तुमच्या आई दिवसभर कुठं बसणार?

होटगीरोडकर:
अक्का, तुमचं वाचून गप्प झालो. आम्ही चौघांचा विचार केला, आईची कॉट कुठं ठेवायची एवढंच बघितलं. ती बसणार कुठं हे डोक्यातच आलं नाही.

विडीघरकुल:
अक्कांनी मनातलं लिहिलं. कुंभारीला विडी कामगार बायकांची दहा हजार घरांची वसाहत झाली, पुढं तिथंच रे नगर ही कामगारांची वसाहत झाली, १९ जानेवारी २०२४ ला पंधरा हजार घरांच्या चाव्या दिल्या. माझी मावशी तिकडंच राहते. घर ३०० फुटांच्या आसपास. पण तिने पहिलं काय केलं माहितीय का, दारात बसायला शहाबादीची एक फरशी टाकून घेतली. पडदे, रंग सगळं नंतर.

रेवती_एस:
होटगीरोडकर, एक काम करा. दोन्ही फ्लॅट गच्चीवर काढा. खरंच. खडू नाहीतर रांगोळी घ्या, टेप घ्या, आणि खऱ्या मापाने भिंती काढा, दारं जिकडं उघडतात ते अर्धगोल सुद्धा काढा. कॉट, कपाट, फ्रीज यांच्या मापाचे वर्तमानपत्राचे कागद जोडून ठेवा, वर दगड. मग सगळ्या घराला त्यात अर्धा तास राहू द्या. आम्ही असंच केलं होतं. नकाशात जे कळत नाही ते पायाला कळतं.

तिरकी_पट्टी:
यापेक्षा चांगला सल्ला मीही देऊ शकत नाही. फक्त एक सांभाळा, मोकळ्या आकाशाखाली खोली आहे त्यापेक्षा लहान दिसते. भिंती उभ्या राहिल्या की थोडी मोठी वाटते. म्हणून 'केवढीशी' म्हणून घाबरू नका, टेपवर विश्वास ठेवा.

दमाणीनगर_७:
गच्चीवर रांगोळी काढायची तर सूर्य मावळल्यावर काढा, नाहीतर घर बघायच्या आधी तळपायाला फोड.

(चार दिवसांनी)

होटगीरोडकर:
मंडळी, काढलं. भाड्याच्या घराच्या गच्चीवर काल संध्याकाळी साडेसहापासून नऊपर्यंत. घरमालक वर येऊन बघून गेले, मग त्यांनीच टेपचं दुसरं टोक धरलं.

आधी टू बीएचके. मुलगी ९ बाय ९ मध्ये जाऊन उभी राहिली, न सांगता काल्पनिक दार लावलं आणि म्हणाली, 'पप्पा, आता नॉक करून यायचं.' मला हसूही आलं आणि पोटात कालवलं पण. कडकभाकरी ताई, तुमची न्हाणीची गोष्ट आठवली.

मग आईला म्हटलं, तू इथं हॉलमध्ये झोपलीस, रात्री उठलीस, जा. ती कागदाच्या कॉटवरून उठली, हॉल ओलांडला, पॅसेजमध्ये वळली, आणि कॉमन टॉयलेटचं दार बाहेर पॅसेजमध्येच उघडतंय असं काढलेलं, तर दार उघडायला तिला मागं सरकावं लागलं. मागं मुलीच्या खोलीचं दार. काठी घेऊन ते दोन पावलं मागं जाणं तिला जमेना. खडूच्या रेषेवरच अडखळली. बायको पटकन पुढं झाली. त्यानंतर बायकोनेच सांगितलं, हा नको.

मग वन बीएचके काढला. आई हॉलमध्ये बाजूच्या भिंतीशी, आठ पावलांवर संडास, मधे काही नाही. आईने स्वतः दोनदा जाऊन-येऊन बघितलं. किचनमध्ये बायको आणि आई दोघी उभ्या राहिल्या, ज्वारीच्या पोत्यांचे कागद पण मावले. सगळं बरं वाटलं, फक्त मुलगी बाजूला जाऊन बसली. तिला खोली नाही.

आता सांगा काय करू.

कडकभाकरी:
पोरीचं डोळ्यासमोर आलं हो. काहीतरी करा तिचं.

तिरकी_पट्टी:
करता येईल. हॉल ११ बाय १८ आहे. १८ फुटांच्या दोन्ही टोकांना खिडकी आहे का? असेल तर एका टोकाला ७ बाय ११ ची खोली काढा. विटेची भिंत नको. दोन फूट खोलीचं कपाटच भिंत म्हणून उभं करा, अर्धी दारं तिच्या बाजूला, अर्धी हॉलच्या बाजूला. बाजूला अडीच फुटांचं सरकतं दार. सात अधिक दोन अधिक नऊ, हॉल ९ बाय ११ राहतो, तो आईंना आणि तुम्हाला पुरतो. कपाट छतापासून दीड फूट खाली थांबवा म्हणजे पंख्याची हवा वरून फिरेल. पुढं पोरगी शिकायला बाहेर गेली की कपाट सरकवा, हॉल परत मोठा.

अट एकच, तिच्या खोलीला स्वतःची खिडकी पाहिजे. उष्ण-कोरड्या हवेत उघडणारी खिडकी जमिनीच्या किमान एक दशांश असावी असं संहिता सांगते. ७ बाय ११ म्हणजे ७७ फूट, तर पावणेआठ फूट उघडी जागा. आणि ध्यानात ठेवा, सरकत्या खिडकीची अर्धीच उघडते.

दमाणीनगर_७:
आणि मुलगा? चार वर्षांनी तोही खोली मागेल.

होटगीरोडकर:
मुलगा आमच्याजवळ. ११ बाय ११ मध्ये त्याची कॉट मावते, कागद ठेवून बघितली. चार वर्षांनंतरचं खरंच माहीत नाही दादा.

पुण्यातला_सोलापूरकर:
मी दहावीपर्यंत आजोबांच्या शेजारी झोपायचो. दोघांचंही बरं चाललं.

बाळीवेस:
पहिला मजला घेताय तर दुपारी चारला जाऊन भिंतीला हात लावून या. आणि समोर उद्या काय बांधणार आहेत ते विचारा, नाहीतर खिडकी असून वारा नाही.

(रविवारी)

होटगीरोडकर:
जाऊन आलो, टेप घेऊन, मुलीला पण घेऊन गेलो. खिडकी दोन्ही टोकांना आहे. तिच्या बाजूची ४ बाय साडेतीन, सरकती दाखवलीय. १४ चे अर्धे सात, म्हणजे कमी पडते. बिल्डरला बिजागरीची करून मागितली, थोडे पैसे वाढवून देतो म्हटलं, हो म्हणाला. लिहून घेतलंय. खालची टाकी २५ हजार, वरची १०, म्हणजे ३५. साडेपाच हजार कमी आहेत, त्यावर बाकीच्या बुकिंगवाल्यांशी बोलतोय. समोरचा प्लॉट रस्त्यासाठी सोडलेला आहे, नकाशात बघितला. भिंतीला चारला हात लावला, कोमट होती.

पूर्वभागाची_अक्का:
आणि आई?

होटगीरोडकर:
अक्का, मुख्य दाराच्या उजव्या हाताला खिडकी आहे पूर्वेची, जमिनीपासून तीन फुटांवर. ती खाली घेऊन दीड फुटावर आणायला सांगितलीय, बाहेरून ग्रिल. खाली बिल्डिंगचं गेट दिसतं, येणारा-जाणारा दिसतो. तिथं भिंतीलगत चार फुटांची शहाबादी टाकून घेतोय, टाइल्स नको तेवढ्या जागी. आई काल विचारत होती, फरशी घासून मिळते का खडबडीत.

पूर्वभागाची_अक्का:
घासून घ्या, पण पॉलिश नको. पाय घसरतो.